ऐकणे आणि मान डोलावणे

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने वादविवाद स्पर्धा घेतली. विषय होता, ‘राष्ट्रीय नेत्यांची भाषणे शाळकरी मुलांना ऐकवावीत काय?’ चिठ्ठी उचलली तेव्हा माझ्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली. पाच मिनिटे मी तावातावाने बोलले, टाळ्या मिळाल्या, दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळाले. परंतु वसतिगृहाकडे परतताना मनाला एक बोचणी लागून राहिली. मी जे बोलले ते माझे मत होते, की त्या चिठ्ठीचे? अनुकूल बाजूची चिठ्ठी आली असती तर तितक्याच आवेशाने मी तीही बाजू लढवली असती. स्पर्धेत ते शोभते. पण हा प्रश्न स्पर्धेपुरता नाही. तो माझ्या स्वतःच्या घरात एकदा उभा राहिला होता. म्हणून घंटेची घाई नसताना तो शांतपणे तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चौथीतली एक दुपार

५ सप्टेंबर २०१४ हा शुक्रवार होता. गणपतीचे दिवस होते. मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकत होते. शिक्षकदिनानिमित्त पंतप्रधान नरेंद्र मोदी दिल्लीहून देशभरातल्या शाळकरी मुलांशी बोलणार होते. पंतप्रधानपदावर येऊन त्यांना जेमतेम सव्वातीन महिने झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास मुलांना भाषण दाखवण्याची व्यवस्था करावी, अशा सूचना शाळाशाळांना गेल्या होत्या. त्यावरून देशभर वाद पेटला. सक्ती कशासाठी, असे विरोधकांनी विचारले. तेव्हा तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांनी हा कार्यक्रम ऐच्छिक असल्याचा खुलासा केला.

हा वाद आमच्या ओटीवरही आला. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. काका दुसऱ्या पक्षाचे. एरवी दोघे एकाच ताटात जेवायचे, पण निवडणूक जवळ आली की पाठ फिरवून बसायचे. आदल्या रात्री अण्णा म्हणाले, “उद्या दुपारनंतर शाळेत जायचं नाही. पोरांना आत्तापासून प्रचार ऐकवायला लागलेत.” काका म्हणाले, “देशाचा पंतप्रधान बोलतोय, पक्षाचा नाही. न पाठवणं हा देशाचा अपमान आहे.” आवाज चढले. शेवटी चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, “जाऊ दे तिला. ऐकल्यानं कान झिजत न्हाईत. पर बाये, काय म्हणाला त्ये समदं मला येऊन सांग.”

मी गेले. शाळेत दूरदर्शन संच नव्हता. गावातल्या एका दुकानदाराचा आणून टेबलावर ठेवला होता. गुरुजींनी एका कागदावर मुलांची संख्या लिहून घेतली. भाषण हिंदीत होते, आणि आम्हाला हिंदी पाचवीपासून. निम्मे कळले, निम्मे गुरुजींनी मधूनमधून सांगितले. जपानमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक मिळून शाळा झाडतात, हे लक्षात राहिले. शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय नसल्याने मुली शिक्षण सोडतात, म्हणून ती बांधायची आहेत, हेही राहिले. मग मुलांनी प्रश्न विचारले. मणिपूरमधल्या इंफाळच्या एका मुलाने पंतप्रधान होण्यासाठी काय करावे लागते, असे विचारले. २०२४ च्या निवडणुकीची तयारी कर, म्हणजे तोवर मला धोका नाही, अशा अर्थाचे उत्तर आले आणि सगळे हसले.

घरी येऊन मी आजीला सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आपल्या शाळंतल्या पोरींच्या संडासाचं कुलूप कवा निघनार, त्ये इचारलंस का?”

मी विचारले नव्हते. विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते. आमच्या शाळेत मुलींसाठी खोली बांधलेली होती. पण पाणी नाही म्हणून तिला कुलूप होते. अण्णांचा विरोध आणि काकांचा अभिमान यांच्या गदारोळात जो प्रश्न कोणालाच सुचला नाही, तो निरक्षर आजीला सुचला. माझ्या मते या सगळ्या वादाचे उत्तर तिच्या त्या दोन वाक्यांत आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी थोडे दूरवर पाहू या.

अमेरिकेतला आरसा

आपल्याकडच्या वादाच्या बरोबर पाच वर्षे आधी, हाच वाद अमेरिकेत झाला. ८ सप्टेंबर २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टनच्या वेकफील्ड हायस्कूलमधून देशातल्या विद्यार्थ्यांना उद्देशून भाषण केले. त्या उन्हाळ्यात तिथे आरोग्यविम्याच्या सुधारणेवरून रान पेटलेले होते. भाषणाची बातमी येताच विरोधी रिपब्लिकन पक्षातून टीका सुरू झाली. फ्लोरिडातील त्या पक्षाच्या अध्यक्षांनी तर मुलांच्या माथी समाजवाद मारला जात असल्याचा आरोप केला. मुलांना त्या दिवशी घरी ठेवण्याची भाषा काही पालक बोलू लागले. काही शाळांनी भाषण न दाखवण्याचे ठरवले, तर काहींनी पालकांच्या इच्छेवर सोडले.

टीका करणाऱ्यांच्या हाती एक खरा धागा होता, हे मान्य केले पाहिजे. शिक्षण खात्याने शिक्षकांसाठी जी टिपणे पाठवली होती, त्यांत लहान मुलांसाठी एक उपक्रम सुचवला होता. अध्यक्षांना आपण कशी मदत करू शकतो, याविषयी मुलांनी स्वतःलाच पत्र लिहावे, असा तो उपक्रम. ओरड झाल्यावर ते वाक्य बदलण्यात आले आणि शिक्षणातली आपली ध्येये आपण कशी गाठू, याविषयी लिहावे, असे करण्यात आले. दोन वाक्यांतले अंतर मोठे आहे. पहिल्यात मूल नेत्याच्या कामी येते. दुसऱ्यात नेत्याचे भाषण मुलाच्या कामी येते.

प्रत्यक्ष भाषण ७ सप्टेंबरला, म्हणजे एक दिवस आधीच, सर्वांना वाचण्यासाठी खुले केले गेले. त्यात राजकारण जवळपास नव्हतेच. आपल्या अभ्यासाची जबाबदारी आपणच घ्यायला हवी, हा त्याचा गाभा. लहानपणी इंडोनेशियात असताना आई पहाटे साडेचारला उठवून धडे देत असे, ही आठवण त्यात होती. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक बारा वेळा नाकारले गेले होते, हा दाखलाही होता. ते वाचल्यावर फ्लोरिडाच्या त्याच पक्षाध्यक्षांनी भाषण चांगले असल्याचे म्हटले.

गंमत पुढेच आहे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) वॉशिंग्टनमधील ॲलिस डील ज्युनियर हायस्कूलमधून असेच देशभरच्या विद्यार्थ्यांशी बोलले होते. तेव्हा आरडाओरड डेमोक्रॅटिक पक्षाने केली होती. प्रक्षेपणासाठी शिक्षण खात्याने सुमारे २७ हजार डॉलर खर्च केले होते. खात्याचा पैसा अध्यक्षांच्या जाहिरातीवर का घालवता, असा सवाल त्या पक्षाचे नेते रिचर्ड गेपहार्ट यांनी केला. चौकशी झाली, बेकायदेशीर असे काही आढळले नाही. म्हणजे १९९१ साली ज्यांनी ‘प्रचार’ म्हटले तेच २००९ साली ‘प्रेरणा’ म्हणू लागले, आणि ज्यांनी ‘प्रेरणा’ म्हटले होते त्यांतल्या बऱ्याच जणांना तो ‘प्रचार’ वाटू लागला. आमच्या ओटीवरचे अण्णा आणि काका यांच्या जागा फक्त बदलल्या!

अपवाद होते, आणि ते उल्लेखनीय आहेत. रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांनी बुश यांच्या भाषणाची पाठराखण केली होती. ओबामांच्या भाषणालाही त्यांनी विरोध केला नाही. धाकट्या बुश यांच्या पत्नी लॉरा बुश स्वतः शिक्षिका आणि ग्रंथपाल होत्या. अध्यक्षांनी मुलांशी बोलण्यात गैर नाही, असे त्यांनी २००९ मध्ये सांगितले. माणसाची कसोटी आपल्या पक्षाच्या नेत्यासाठी तो काय मागतो, यावर लागत नाही. दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला तेच द्यायला तो तयार आहे की नाही, यावर ती लागते.

भीती निराधार नाही

याचा अर्थ विरोध करणारे सारे दुराग्रही, असा मात्र नाही. सभेला आलेला प्रौढ माणूस कंटाळला तर उठून जातो, घरी बसलेला वाहिनी बदलतो. वर्गातल्या मुलाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे गुरुजी उभे असतात, हजेरी असते, शेजारच्या मुलांची नजर असते. मूल हा बांधलेला श्रोता आहे. शिवाय पंतप्रधान हा एकाच वेळी देशाच्या सरकारचा प्रमुख आणि एका पक्षाचा नेता असतो. बोलताना यांतला कोण बोलतो आहे, हे ओळखणे मोठ्यांनाही जड जाते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हा बोलता बोलता ते कर कमी करण्याच्या आपल्या धोरणाची महती सांगू लागले होते.

याउलट ४ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी राष्ट्रपती भवनाच्या परिसरातील सरकारी शाळेत जाऊन मुलांना भारताच्या राजकीय इतिहासाचा पाठ दिला. त्यावरून आदल्या वर्षीसारखे रण माजले नाही. कारण उघड आहे. राष्ट्रपतीचे पद पक्षाच्या वर मानले जाते. म्हणजे लोकांचा आक्षेप नेत्याने बोलण्याला नसतो. पक्षाने वर्गात शिरण्याला असतो.

पण बंदी हा तरी उपाय आहे काय? आपल्या इतिहासात विद्यार्थ्यांच्या कानांवर पहारा बसवण्याचे काम परक्या सरकारने केले आहे. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५ साली, बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीपासून आवरा, नाहीतर संस्थेची सरकारी मदत बंद होईल, असा त्याचा रोख होता. १९०७ साली रिस्ले परिपत्रकाने हेच धोरण देशभर नेले. त्याच १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाने विद्यार्थी असलेल्या सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले आणि टिळकांनी त्यावर सडकून टीका केली. विद्यार्थ्याने राजकारण ऐकू नये, हा विचार आपल्या मातीत राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आला, हे विसरता कामा नये.

आणि याची दुसरी बाजूही पाहावी. १९२० साली गांधीजींनी सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालण्याची हाक दिली. ती हाक देशभक्तीची होती. तरीही रवींद्रनाथांनी आपला मतभेद उघडपणे मांडला. विचार न करता केवळ हाकेसरशी धावणे त्यांना मान्य नव्हते. त्यांना त्यासाठी कोणी देशद्रोही ठरवावे, असे गांधीजींना वाटले नाही. त्यांनी लेख लिहून उत्तर दिले. मतभेदाला उत्तर देणे हाच मतभेदाचा सन्मान आहे.

देशभक्ती कशाने मोजावी?

“न पाठवणं हा देशाचा अपमान आहे,” हे काकांचे वाक्य आता तपासू या. नेत्याचे न ऐकणे म्हणजे देशाचा अवमान, हे समीकरण बरोबर आहे काय? नेत्याचे भाषण तर दूरच. खुद्द राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांच्या बाबतीतही न्यायालयांनी सक्तीला मर्यादा घातली आहे.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शाळेत ध्वजवंदन सक्तीचे होते. धार्मिक श्रद्धेमुळे ते न करणाऱ्या मुलांना शाळेतून काढले जाई. १४ जून १९४३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. महायुद्ध ऐन भरात होते आणि तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला होता. तरीही न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले, त्याचा आशय असा की, राष्ट्रप्रेमाच्या बाबतीत कोणते मत प्रमाण मानावे हे ठरवण्याचा अधिकार लहानमोठ्या कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.

आपल्याकडे १९८५ साली केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालाच्या अखेरीस आठवण करून दिली की, सहिष्णुता आपल्या परंपरेत आहे, तत्त्वज्ञानात आहे आणि राज्यघटनेतही आहे. राष्ट्रगीत न गाणारे मूल जर देशद्रोही ठरत नाही, तर एका दुपारी भाषण न ऐकणारे मूल कसे ठरेल?

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशारा तर आपणा सर्वांना पाठ असायला हवा. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल; राजकारणात मात्र भक्ती आणि विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले. या इशाऱ्यात कोणत्याही एका पक्षाचे नाव नाही. तो कायमचा आहे आणि सर्वांसाठी आहे.

मग काय करावे?

माझे मत आता सांगते. मुलांनी राष्ट्रीय नेत्याचे भाषण ऐकावे. आपल्या घरात ज्याला मत पडत नाही त्याचे तर आवर्जून ऐकावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पंतप्रधानांचे अधिकार पाठ करायचे आणि प्रत्यक्ष पंतप्रधान बोलू लागले की कान झाकायचे, यात शहाणपण नाही. आता तर हा प्रघातच पडला आहे. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ‘परीक्षा पे चर्चा’ सुरू झाली. उद्या दुसऱ्या पक्षाचे पंतप्रधान आले तर तेही मुलांशी बोलतील. म्हणून नियम आजच, माणूस न पाहता ठरवले पाहिजेत.

पहिला नियम, ऐकणे ऐच्छिक असावे आणि तो शब्द कागदापुरता नसावा. किती मुले बसली याची गणती वर पाठवायची असेल, तर गुरुजींच्या दृष्टीने ‘ऐच्छिक’ या शब्दाला काय किंमत उरते? दुसरा, ज्याला ऐकायचे नसेल त्या मुलाला ग्रंथालयात पुस्तक घेऊन बसता यावे आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये. तिसरा, भाषणाआधी वा नंतर मुलांना जे लिहायला सांगायचे, त्यात उत्तर आधीच भरलेले नसावे. ‘भाषणातील कोणता मुद्दा पटला, कोणता पटला नाही, का?’ हा प्रश्न चालेल. ‘आपण नेत्यांना कशी मदत करू?’ हा चालणार नाही. आणि चौथा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: भाषणानंतरचा तास मोकळा ठेवावा. तो प्रश्नांचा तास. नेता दिल्लीत असला तरी गुरुजी वर्गात असतात, सरपंच गावात असतात.

कारण धोका नेत्याच्या आवाजात नाही. ऐकणे आणि मान डोलावणे या दोन क्रिया एकच आहेत, असे मुलाला वाटू लागले की धोका सुरू होतो. अण्णा मला ऐकूच देणार नव्हते, काका मला मान डोलवायला लावणार होते. आजीने मात्र मला ऐकायला पाठवले आणि मग ऐकलेल्याचा हिशेब मागितला.

सोमवारी मी वर्गात हात वर करून गुरुजींना आजीचा प्रश्न विचारला. ते क्षणभर गप्प झाले. रागावतील असे वाटले, पण त्यांनी तो वहीत टिपून घेतला. पाण्याची टाकी बसायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर मी त्या शाळेतून बाहेरही पडले होते. पण कुलूप निघाले. ते भाषणाने निघाले, की प्रश्नाने? माझ्यापुरते उत्तर असे की, भाषण नसते तर प्रश्न सुचला नसता आणि प्रश्न नसता तर भाषण हवेत विरले असते.

जाता जाता आपल्याच घरातले एक उदाहरण देते. गुरुजनांनी क्षमा करावी. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाला दरवर्षी मोठे पाहुणे येतात. स्वागत, परिचय, भाषण, आणि लगेच आभारप्रदर्शन! तीन वर्षांत एकाही पाहुण्याला एकाही विद्यार्थ्याने प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही, आणि मीही विचारलेला नाही. आभारापूर्वी दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवली तर? चौथीतल्या मुलांकडून जे अपेक्षित आहे, त्याची सुरुवात पदवीच्या वर्गांनी करायला काय हरकत आहे?